कोकणात उतरण्याआधी कोल्हापूर: मधल्या पाच-सहा तासांत काय करावं

मुंबईहून येणारी महालक्ष्मी एक्स्प्रेस कोल्हापुरात थांबते ती थांबतेच, कारण पुढे रूळच नाहीत. इथून वैभववाडीपर्यंत लोहमार्ग नेऊन तो कोकण रेल्वेला जोडायची चर्चा वर्षानुवर्षं चालू आहे. तोवर समुद्राकडे जायचं तर मध्ये सह्याद्रीचा घाट आणि घाटातून उतरणारी एसटी. त्यामुळे रत्नागिरी, मालवण, सावंतवाडीकडे निघालेला माणूस रेल्वेने येवो नाहीतर उजळाईवाडीच्या विमानतळावर उतरो, कोल्हापुरात त्याला गाडी बदलावीच लागते. विमान आणि एसटी यांची वेळ एकमेकांना विचारून ठरत नाही. मध्ये चार तास उरतात, कधी सहा. नवखी माणसं हा वेळ स्टँडच्या बाकावर बॅगेला पाय टेकवून घालवतात, नाहीतर सगळं शहर तीन तासांत बघायला निघून कुठलंच धड बघत नाहीत. एवढ्या वेळात एक दर्शन, एक पोटभर जेवण आणि एखादी निवांत जागा नीट होते. त्यापलीकडे हात मारायचा नाही, असं धरून पुढचं वाचा.

आधी उलटा हिशोब करा

सुरुवात शेवटापासून करायची. कोकणात कुठे जायचंय त्यावर घाट ठरतो, घाटावर गाडी ठरते, आणि गाडीवर तुमच्या हातातला वेळ. रत्नागिरी, गणपतीपुळे, देवरुखसाठी मलकापूरवरून आंबा घाट. राजापूरला अणुस्कुरा. वैभववाडी, खारेपाटण, विजयदुर्गकडे गगनबावडा, तिथून करूळ किंवा भुईबावडा घाट. कणकवली, मालवणला राधानगरीवरून फोंडा घाट. सावंतवाडी, वेंगुर्ला आणि गोव्याला आजऱ्यावरून आंबोली, काही गाड्या फोंड्यानेही जातात.

रत्नागिरीला एसटीने साडेतीन-चार तास धरा, मालवणला त्याहून थोडा जास्त. माझा नियम साधा आहे: घाट उजेडात उतरायचा. रात्री गाड्या जात नाहीत असं नाही, जातात. पण घाटात धुकं आलं की गाडी गोगलगायीच्या चालीने सरकते, आणि खाली पोचल्यावर पुढच्या गावाची रिक्षा मिळत नाही. कोकणातल्या आडबाजूच्या गावांत संध्याकाळी सातनंतर वाहन मिळणं म्हणजे नशिबाचा भाग. म्हणून दुपारी दोन-अडीचच्या आत कोल्हापूर सुटलं पाहिजे. विमान चार वाजता उतरणार असेल तर त्याच दिवशी खाली जायचा हट्ट सोडा, रात्र इथे काढा आणि सकाळची पहिली गाडी पकडा. पावसाळ्यात तर यावर दुसरा विचारच नको.

गाडी ठरली की लगेच आरक्षण करून टाका, एसटीच्या ॲपवर होतं. शनिवार-रविवार, गणपती, शिमगा आणि मे महिना या दिवसांत आयत्या वेळी जागा मिळेल ही आशा धरू नका. महिलांना एसटीत अर्धं तिकीट आहे, पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना प्रवास मोफत. ओळखपत्र वरच्या खिशात ठेवा. गोव्याच्या गाडीत ही सवलत राज्याच्या हद्दीपर्यंतच चालते, पुढचे पैसे पूर्ण पडतात. त्यावरून वाहकाशी वाद घालणारे प्रवासी दर आठवड्याला दिसतात, म्हणून आधीच सांगितलं.

कुठे उतरलात त्याप्रमाणे

विमानतळ शहराच्या आग्नेयेला नऊ-दहा किलोमीटरवर आहे. राजाराम महाराजांच्या काळातला, म्हणजे संस्थान असतानाचा. नवी टर्मिनल इमारत मार्च २०२४ मध्ये सुरू झाली, जुन्या वाड्याची आठवण व्हावी अशी तिची दर्शनी बाजू आहे. फोटो काढायला छान, पण वेळ काढायला तिथे काही नाही. सामान हातात आलं की बाहेर पडा. रिक्षा किंवा टॅक्सीत बसण्याआधी भाडं ठरवून घ्या आणि जायचं ठिकाण नेमकं सांगा: ‘सीबीएस’, म्हणजे मध्यवर्ती बसस्थानक, किंवा ‘बिंदू चौक’, म्हणजे अंबाबाईच्या देवळाजवळ. नुसतं ‘गावात’ म्हणालात तर चालक विचारणारच, ‘गावात म्हंजे कुठं साहेब?’ गर्दी नसेल तर अर्ध्या तासात पोचता.

रेल्वेने येणाऱ्याचं काम सोपं. स्टेशनातून बाहेर पडून दहा मिनिटं चाललं की सीबीएस येतं. महालक्ष्मी सकाळी येते, म्हणजे अख्खी सकाळ तुमची.

खाजगी ट्रॅव्हल्सने रात्रीचे निघालात तर पहाटे झोपेतून उठवून ‘तावडे हॉटेल, तावडे हॉटेल’ असा पुकारा होईल. तो महामार्गावरचा चौक आहे, तिथून शहर आत पाच किलोमीटरवर. गाडी पुढे कावळा नाक्यापर्यंत येणार असेल तर तिथे उतरा, स्टँड जवळ पडतं. पहाटे तावडे हॉटेलवर रिक्षावाले वाट बघत असतातच. भाडं मात्र दिवसापेक्षा चढं सांगतात.

एक गोष्ट डोक्यात पक्की ठेवा: कोल्हापुरात स्टँड एकच नाही. लांबच्या बहुतेक गाड्या सीबीएसवरून सुटतात, पण रंकाळा स्टँड आणि संभाजीनगर स्टँड ही आणखी दोन ठिकाणं आहेत आणि राधानगरी-गगनबावड्याकडच्या कितीतरी गाड्या तिथून जातात. तिकिटावर कुठलं स्टँड छापलंय ते आताच बघा. आणि फलाटावर ‘वाडी रत्नागिरी’ अशी पाटी लावलेली गाडी दिसली तर धावत जाऊन चढू नका. ती जोतिबाच्या डोंगरावर जाते. समुद्राचं रत्नागिरी वेगळं.

सामान उतरवा

बॅग ओढत देवळाच्या रांगेत उभं राहणं म्हणजे निम्मा वेळ बॅगेलाच देणं. चार-पाच जणांचं कुटुंब असेल तर स्टँडसमोर आणि शाहूपुरीत लॉज भरपूर आहेत. काही तासांसाठी, नुसतं आंघोळ करून कपडे बदलायला खोली देतात. काउंटरवर ‘फ्रेश व्हायला खोली पाहिजे, दोनपर्यंत’ असं सरळ सांगा. पैसे वाटून घेतले की माणशी फार पडत नाहीत, सामानही कुलपात राहतं, आणि घरातल्या म्हाताऱ्यांना जेवणानंतर आडवं होता येतं. एकटे असाल आणि पाठीवर एकच सॅक असेल तर या भानगडीत पडायचं कारण नाही. देवळाबाहेर चपला सांभाळणारे असतात, ते थोड्या पैशांत पिशवीही ठेवून घेतात. पैसे, कागद, चार्जर मात्र अंगावर ठेवा.

अंबाबाई आधी, मटण नंतर

हा क्रम मोडू नका. मटण खाऊन देवळात जायचं नाही ही इथली रीत आहेच, शिवाय घड्याळाच्या हिशोबानेही हाच क्रम सोयीचा पडतो. सकाळी रांग लहान असते आणि मटणाची ताटं बाराच्या पुढेच लागतात.

रिक्षाने बिंदू चौकात उतरा आणि तिथून चालत भवानी मंडपातून आत या. देवळाला चार दिशांना चार दरवाजे आहेत; पश्चिमेचं महाद्वार, उत्तरेचा घाटी दरवाजा. कोणत्या दरवाजाजवळ चपला ठेवल्या ते लक्षात ठेवलं नाही तर बाहेर आल्यावर अनवाणी एक प्रदक्षिणा घडते, देवळाची बाहेरून. साध्या दिवशी गाभाऱ्याचं दर्शन अर्ध्या-पाऊण तासात होतं. मंगळवार, शुक्रवार, रविवार आणि सुट्टीच्या दिवशी दीड-दोन तास धरा. एवढा वेळ नसेल तर मुखदर्शनाची रांग वेगळी असते, ती झपाझप सरकते आणि देवी लांबून पण नीट दिसते. नवरात्रात तर मी पाहुण्यांना सरळ मुखदर्शनाच्याच रांगेत उभं करतो. आत फोटो काढायचे नाहीत, अंगभर कपडे असावेत.

देवी पश्चिमेकडे तोंड करून उभी आहे, हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही. वर्षातून दोनदा, ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारी आणि ९ ते ११ नोव्हेंबर या दिवसांत मावळत्या सूर्याची किरणं महाद्वारातून आत येऊन पहिल्या दिवशी पायांपर्यंत, मग छातीपर्यंत, मग चेहऱ्यापर्यंत पोचतात. आकाश स्वच्छ असलं तर, आणि वाटेत नवं बांधकाम आडवं आलं नाही तर. याच तारखांना तुमचा थांबा संध्याकाळी पडत असेल तर किरणोत्सव बघायला मिळेल, पण मग रात्रीची गाडी धरायचं डोक्यातून काढा. गर्दी हलू देत नाही.

बाहेर पडताना भवानी मंडपात दहा मिनिटं थांबा. हा जुना राजवाडा. आत तुळजाभवानीचं देऊळ आहे आणि शिकारीतले पेंढा भरलेले प्राणी उभे आहेत. लहान मुलं बरोबर असतील तर देवळापेक्षा त्या प्राण्यांतला गवाच त्यांच्या जास्त लक्षात राहील.

पोटाचा कार्यक्रम

इथे थोडं सविस्तर सांगतो, कारण पाहुण्यांची सगळ्यात जास्त फजिती याच बाबतीत होते.

सकाळी आलात तर मिसळ. उद्यमनगरात फडतरे, महाद्वार रोडच्या बाजूला चोरगे, खासबागेची, कसबा बावड्याची अशी प्रत्येकाची आपापली ‘खरी’ मिसळ आहे. यावरून कोल्हापूरकराशी वाद घालू नका. तुमचे सहा तास तिथेच जातील. देवळाजवळ असाल तर देवळाजवळची खा, मिसळीसाठी गावभर रिक्षा फिरवण्यात शहाणपणा नाही. मिसळीबरोबर इथे पावाऐवजी बहुतेक ठिकाणी ब्रेडचे स्लाइस येतात. कट, म्हणजे मिसळीचा तिखट रस्सा, वेगळा मागता येतो. नवख्याने कट वाटीत वेगळा घेऊन चमच्याने जपून घालावा. नावाजलेल्या ठिकाणी मिसळ दुपारपर्यंत संपते, म्हणून ही सकाळचीच गोष्ट.

दुपारी तांबडा-पांढरा. ताटात मटणाचं सुकं, भाकरी किंवा चपाती, भात, कांदा-लिंबू, आणि दोन वाट्या रस्सा. पांढरा रस्सा म्हणजे मटणाच्या आळणी पाण्यात नारळाचं दूध, खसखस, काजू आणि खडा मसाला. तांबडा म्हणजे त्याच पाण्यात कांदा-लसूण चटणी आणि वर लालभडक तर्री. रस्सा पुन्हा पुन्हा वाढतात, त्यासाठी वेगळे पैसे नसतात. आधी पांढऱ्याची वाटी उचलून तशीच पिऊन टाकायची, चमचा शोधत बसायचं नाही.

आता घाटाचा विचार करा. आंबा म्हणा, करूळ म्हणा, आंबोली म्हणा, वळणं पोटात कालवाकालव करणारी आहेत. तोंड भाजेपर्यंत तांबडा प्यायला, वर भात हाणला, आणि तासाभरात घाटाच्या गाडीत मागच्या सीटवर बसलात, तर पुढे काय होतं ते एसटीच्या कुठल्याही वाहकाला विचारा. म्हणून घाट उतरायचा असेल त्या दिवशी पांढरा मनसोक्त आणि तांबडा अर्धी वाटी. जेवण आणि गाडी यांच्यात दीड तास तरी जाऊ द्या. ज्यांना गाडी लागते त्यांनी ज्वारीची भाकरी आणि पांढऱ्यावर भागवावं, काही अपमान होत नाही. साडेबाराला जेवायला बसलात तर जागा पटकन मिळते. दीडनंतर, त्यातून रविवारी, नावाजलेल्या हॉटेलबाहेर लोक नाव लिहून उभे असतात. रिक्षावाल्या मामांना ‘तुम्ही घरच्या पाहुण्यांना कुठं नेता?’ असं विचारा. ‘चांगलं हॉटेल कुठलं?’ याच्यापेक्षा या प्रश्नाला बरं उत्तर मिळतं.

शाकाहारी माणसांनी नाराज व्हायचं कारण नाही. अख्खा मसूर, झुणका-भाकरी, खर्डा असं ताट बऱ्याच ठिकाणी मिळतं. खर्डा मात्र नखाएवढा घ्या.

आणि दूध कट्टा. गंगावेशीत म्हशी आणून उभ्या करतात, तुमच्यासमोर धार काढतात आणि फेसाळ, कोमट दूध पेल्यात भरून देतात. पहाटे आणि संध्याकाळी ही वर्दळ असते. तालमीतल्या पोरांना हे दूध पचतं. सवय नसलेल्याने प्रवासाच्या दिवशी अख्खा पेला रिचवू नये. कच्चं दूध आहे, न तापवलेलं. बघायला मात्र जरूर जा.

दुपारचे दोन तास

जेवणाआधी किंवा नंतर दोन तास मोकळे असतील तर माझी शिफारस टाउन हॉल म्युझियमची. लोक न्यू पॅलेसकडे धावतात, तेही वाईट नाही. पण समुद्राकडे निघालेल्याने टाउन हॉल बघावं याला एक कारण आहे. १९४० च्या दशकात पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरीच्या टेकाडावर रोमन काळातल्या काशाच्या वस्तू सापडल्या, आणि त्यांत पोसायडनची, म्हणजे ग्रीकांच्या समुद्रदेवाची, हातात मावेल एवढी मूर्ती निघाली. समुद्र नाही त्या गावात समुद्राचा देव. दोन हजार वर्षांपूर्वी पश्चिम किनाऱ्याच्या बंदरांत जहाजं लागत, माल घाट चढून वर देशावर येत असे. त्या व्यापाराची ही खूण. तुम्ही आज जी वाट उतरणार आहात तशाच एखाद्या वाटेने ती मूर्ती वर आलेली असणार. इमारत १८७० च्या दशकातली, काळ्या दगडाची, सीपीआर हॉस्पिटलसमोर, भोवती जुन्या झाडांची बाग. देवळापासून चालत पंधरा-वीस मिनिटं. सोमवारी बंद. बागेत बसायला बाक आहेत आणि दुपारी सावली आहे; जेवण जिरवायला याहून बरी जागा स्टँडच्या आसपास नाही.

न्यू पॅलेस तिथून पुढे कसबा बावड्याच्या रस्त्यावर. १८७७ ते १८८४ दरम्यान बांधलेला, मेजर चार्ल्स मँट यांच्या आराखड्यावर. खाली छत्रपती शहाजी म्युझियम आहे: शस्त्रं, पोशाख, दरबार हॉल, शिकारीची दालनं. आतून नीट बघायला तासभर लागतो. दोन्ही म्युझियम एकाच दुपारी उरकू नका, दुसऱ्यात पाय दुखतात आणि काही डोक्यात शिरत नाही.

कुस्तीचं वेड असेल तर खासबाग मैदान बघा, शाहू महाराजांनी १९१२ मध्ये बांधून घेतलेलं. कुस्ती नसेल तेव्हा तो मोकळा आखाडा असतो, दहा मिनिटांत बघून होतं. शेजारी केशवराव भोसले नाट्यगृह, जे ऑगस्ट २०२४ मधल्या आगीत जळालं. गावाला ते फार लागलं. संध्याकाळी या भागात असाल तर राजाभाऊची भेळ खाऊन घ्या.

रंकाळा संध्याकाळचा. दुपारी तिथे ऊन सोडून काही नाही. मुक्काम करणार असाल तर पाचनंतर जा, शालिनी पॅलेसच्या बाजूने चाला, कणीस खा. दोनची गाडी असणाऱ्याने रंकाळा या वेळी सोडून द्यावा.

खरेदी, पण बॅगेकडे बघून

चप्पल भवानी मंडपाजवळच्या चप्पल लाईनीत घ्या. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या जिल्ह्यांना मिळून. अस्सल चप्पल बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेल्या चामड्याची असते. नवी असताना कडक, कडेला टोचणारी, आणि चामड्याचा उग्र वास येणारी. हातात घेताच मऊ आणि चकचकीत लागली तर शंका घ्या. भाव करा, पण निम्म्यावर आणून कारागिराचं तोंड पाडू नका. आणि पावसाळ्यात कोकणात ती पायात घालून जाऊ नका. पाण्याने चामडं फुगतं, शिवण सुटते. पिशवीतच राहू द्या.

गूळ आणि कांदा-लसूण चटणी घरच्यांसाठी घ्या. विमानाने परतणार असाल तर चटणी, मसाला हातातल्या बॅगेत चालत नाही, चेक-इनच्या बॅगेत घाला. देवीचा नारळही हातातल्या बॅगेत नेऊ देत नाहीत आणि सुक्या खोबऱ्याला तर विमानात बंदीच आहे, ते तेलकट असून पेट घेतं म्हणून. तपासणीच्या टेबलावर प्रसादाचा नारळ काढून ठेवताना लोकांना वाईट वाटतं. त्यापेक्षा तो इथेच फोडा, वाटून खा.

सहा तासांपेक्षा जास्त असतील तर

पन्हाळा वीस किलोमीटरवर आहे, रत्नागिरीच्या रस्त्यालाच थोडं आत वळून. २०२५ मध्ये जागतिक वारसा यादीत आलेल्या मराठ्यांच्या बारा किल्ल्यांपैकी एक. जाऊन-येऊन आणि तीन दरवाजा, अंबरखाना, सज्जाकोठी एवढं बघून चार तास लागतात, स्वतःची गाडी असेल तर. भाड्याच्या गाडीने रत्नागिरीला जाणाऱ्यांनी परत शहरात न येता पन्हाळ्यावरूनच पुढे निघावं, तास-दीड तास वाचतो. एसटीवर अवलंबून असाल तर सहा तासांत पन्हाळा आणि अंबाबाई दोन्ही बसवायला जाऊ नका.

विमानतळाच्याच बाजूला राहायचं असेल, म्हणजे तिकडूनच कुणी गाडी घेऊन येणार असेल, तर कणेरी मठ बरा. गोकुळ शिरगावच्या पुढे महामार्गाच्या आत, सिद्धगिरी ग्रामजीवन म्युझियम. सुतार, कुंभार, न्हावी, वैद्य असे सगळे बारा बलुतेदार माणसाच्या मापाच्या पुतळ्यांतून शेतात, अंगणात कामाला लावलेले आहेत. शहरात जायची-यायची दगदग वाचते आणि मुलं रमतात.

पावसाळ्यात वेगळे नियम

जुलै-ऑगस्टमध्ये कोल्हापूरकर सकाळी उठून आधी पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पाणीपातळी बघतात. ३९ फूट इशारा पातळी, ४३ फूट धोका पातळी. बातम्यांत आकडा ३९ च्या वर गेलेला दिसला की तुम्हीही सावध व्हा. रत्नागिरीच्या रस्त्यावर केर्लीजवळ पाणी येतं, गगनबावड्याचाही रस्ता बंद पडतो, आणि २०१९ व २०२१ सारखा पूर आला तर महामार्गसुद्धा. शिवाय घाटात दरड कोसळली की एक घाट बंद होऊन गाड्या दुसऱ्याने वळवतात, दोन तास वाढतात. अशा दिवशी मोबाइलवरच्या नकाशावर विसंबू नका. सीबीएसच्या चौकशी खिडकीवर ‘आज कुठला घाट चालू आहे, सकाळची गाडी पोचली का?’ एवढं विचारा. सकाळची पोचली असेल तर तुमचीही जाईल. तिथला माणूस ‘आजचा दिवस थांबा’ म्हणाला तर थांबा. विमानाचंही तसंच, ढग खाली उतरले की ते उशिरा येतं किंवा रद्द होतं; पावसाळ्यात विमानाच्याच दिवशी पुढचं आरक्षण करताना मध्ये चांगला मोठा वेळ ठेवा.

स्टँडवर परत

गाडीच्या अर्धा तास आधी पोचा. खिडकीवर फलाट क्रमांक विचारा, कारण तो बदलतो आणि ध्वनिक्षेपकावरचं बोलणं समजायला सराव लागतो. पाण्याची बाटली, दोन लिंबं किंवा आवळा सुपारी घ्या. गाडी लागणाऱ्यांनी पुढच्या बाजूची जागा मागावी. वाहक मामांना नीट सांगितलं तर ते कुणाला तरी उठवून बदलून देतात. मोबाइल बघत घाट उतरू नका. आंबा घाटाच्या गाड्या बऱ्याचदा मलकापूरला थोडा वेळ थांबतात, तिथे मोकळं होऊन घ्या, पुढे बराच वेळ सोय नाही.

खालून वर येताना

परतीचा थांबा उलट्या क्रमाने मोजायचा आणि त्यात थोडं कडक राहायचं. विमान पकडायचं असेल तर कोकणातून अशी गाडी धरा की ती विमानाच्या वेळेआधी चार तास कोल्हापुरात पोचेल. त्यातला तासभर घाटाने आणि वाटेतल्या उसाच्या ट्रॅक्टरांनी खाल्ला तरी तीन उरतात. त्यात देऊळ बसवायचं का जेवण, हे गाडी सीबीएसला लागल्यावरच ठरवा. इथून उडणारी पुष्कळ विमानं लहान असतात, काही एटीआर. वरच्या कप्प्यात मोठी बॅग मावत नाही, ती काउंटरवरच देऊन टाका. रात्रीची महालक्ष्मी धरणाऱ्यांना मात्र घाई नाही. गाडी इथूनच सुटते, त्यामुळे निघायच्या आधी बराच वेळ फलाटावर लागलेली असते, आणि संध्याकाळची साडेसातची मटणाची पहिली पंगत आरामात गाठता येते. या वेळी तांबडा हवा तेवढा प्या, पुढे एसटीतून घाट उतरायचा नाही.